‘के एन’ म्हणजे काय, ते मी विचारलंच नाही

तुमच्या स्वयंपाकघरात एखादा असा डबा असेलच, ज्याच्यावर चिठ्ठी आहे ‘साखर’ आणि आत आहे रवा. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं, म्हणून कुणाचंच अडत नाही. अडतं ते नव्या माणसाचं. मीही एकदा असं नवं माणूस होते आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायला निघाले होते. फक्त ते डबे कॉम्प्युटरमधले होते.

आम्ही इंदूरला राहतो. माझ्या सासूबाईंचा पापड, कुरडया आणि मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे. उन्हाळा लागला की बारा-पंधरा बाया पापड लाटायला आमच्या गच्चीखालच्या खोलीत जमतात. पूर्वी सगळा हिशेब वहीत असायचा. २००१ साली सासरे निवृत्त झाले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. घरी बसून काय करायचं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि बायकोच्या धंद्यासाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये एक डेटाबेस तयार केला.

ॲक्सेस हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर एवढंच लक्षात घ्या: १९९२ साली आलेला हा प्रोग्राम म्हणजे हिशेबाच्या वह्यांचं कपाट. त्यातलं ‘टेबल’ म्हणजे एक वही. ‘फील्ड’ म्हणजे त्या वहीतला एक रकाना. वहीत भरायला सोपं जावं म्हणून पडद्यावर दिसणारा कागद म्हणजे ‘फॉर्म’, वहीला विचारलेला प्रश्न म्हणजे ‘क्वेरी’, आणि छापून निघतो तो ‘रिपोर्ट’. आजही कितीतरी दुकानं, दवाखाने आणि वाचनालयं अशा एखाद्या जुन्या फाइलवर चालतात. ती फाइल कुणीतरी हौसेनं बनवलेली असते आणि तो बनवणारा आता तिथे नसतो.

आमचे अण्णा २०१९च्या जानेवारीत गेले. फाइल माझ्याकडे आली.

उघडून बघते तर एका टेबलाचं नाव ‘टेबल वन’. त्यात गिऱ्हाइकं. एकाचं नाव ‘बाया’. एक ‘माल नवा’ आणि एक ‘माल नवा टू’. रकान्यांची नावं ‘नेम’, ‘डेट’, ‘एफ थ्री’, ‘एच डी’, ‘के एन’. सगळं इंग्रजी अक्षरांत. माझी मुलगी शेजारी बसली होती. ती म्हणाली, “आई, यातला नवा माल कुठला?” मला उत्तर देता आलं नाही. त्याच दिवशी मी ठरवलं की ही नावं नीट करायची.

माझं ठरवणं चुकीचं नव्हतं, हे आजही सांगते. काही नावं खरोखरच त्रास देणारी होती. ‘नेम’ आणि ‘डेट’ हे शब्द ॲक्सेसनं स्वतःसाठी राखून ठेवलेले आहेत. प्रत्येक फॉर्मला स्वतःचं एक ‘नेम’ असतं. त्यामुळे रकान्याचं नावही ‘नेम’ असेल, तर गिऱ्हाइकाचं नाव मागताना फॉर्मचंच नाव हाती येऊ शकतं. ‘डेट’ म्हणजे तर आजची तारीख सांगणारी आज्ञा. शिवाय नावात मोकळी जागा असली की प्रत्येक ठिकाणी ते नाव चौकोनी कंसात लिहावं लागतं. एखादा कंस राहिला की गाडी अडली.

एका रविवारी दुपारी मी बसले. टेबलावर उजवं क्लिक, ‘रीनेम’, नवं नाव. इतकं सोपं! आणि गंमत म्हणजे फॉर्म आणि रिपोर्ट तसेच चालू राहिले. ॲक्सेसमध्ये २०००च्या आवृत्तीपासून ‘नेम ऑटोकरेक्ट’ नावाची सोय आहे. तुम्ही टेबलाचं किंवा रकान्याचं नाव बदललंत की क्वेरी, फॉर्म आणि रिपोर्ट यांच्यातला जुना उल्लेख ती बऱ्याच अंशी स्वतःच दुरुस्त करते. ते बघून माझा हात मोकळा झाला. ‘टेबल वन’चं ‘ग्राहक’ झालं. ‘नेम’चं ‘ग्राहक नाव’, ‘डेट’चं ‘ऑर्डर तारीख’ झालं.

मग ‘बाया’ या टेबलात ‘के एन’ आलं.

हा हो-नाहीचा रकाना होता. काही बायांपुढे बरोबरची खूण, काहींपुढे रिकामा चौकोन. खूण असलेल्या पाच जणी बघितल्या, तर सगळ्या जुन्या. वर्षानुवर्षं आमच्याकडे येणाऱ्या. मी मनाशी म्हटलं, ‘के एन’ म्हणजे ‘कायम नोंद’. अण्णांना आद्याक्षरांची सवयच होती. मी रकान्याचं नाव ‘कायम नोंद’ केलं आणि पुढे गेले.

सासूबाई पलीकडच्या खोलीत पडल्या होत्या. चार पावलांवर. मी उठून विचारलं नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. लाटणाऱ्या बायांपैकी काही जणी दर आठवड्याच्या मजुरीतले थोडे पैसे आईंकडेच ठेवतात. कुणी पन्नास, कुणी शंभर. घरी नेले की खर्च होतात, म्हणून. जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर काम थांबतं, तेव्हा प्रत्येकीला ठेवीची चिठ्ठी जाते. वर नाव, खाली रक्कम. आमच्याकडे मदतीला असलेला मुलगा शेवटची मजुरी घरोघरी पोचवतो, त्याच पाकिटात ही चिठ्ठी.

त्या वर्षी चिठ्ठ्या काढायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे होतं. मी बटण दाबलं. चौदा चिठ्ठ्या निघाल्या. कुठे लाल अक्षरं आली नाहीत, कसली सूचना आली नाही. मी चौदाही पाकिटांत घातल्या. दरवर्षी नऊच निघतात, हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यातली एक बाई आली. अकरा वर्षं आमच्याकडे येणारी. एरवी सरळ आत येऊन पाणी मागणारी, त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. म्हणाली, “वहिनी, चिठ्ठी घरी कशाला पाठवली?”

चिठ्ठी तिच्या नवऱ्यानं वाचली होती. सहा हजार चारशे रुपये. मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून तिनं ते नवऱ्याला न सांगता दोन उन्हाळे साठवले होते. आता तो कोपऱ्यावर उभा होता आणि पैसे घेऊन ये म्हणून त्यानं तिला पाठवलं होतं.

आईंनी पैसे आणून तिच्या हातावर ठेवले. दुसरं काय करणार? पैसे तिचे होते. ती मोजलेही नाहीत, तशीच गेली.

दार लावून आई माझ्याकडे वळल्या. “के एनवाल्यांच्या चिठ्ठ्या तू काढल्यास?”

मी म्हटलं, “के एन म्हणजे कायम नोंद ना?”

“के एन म्हणजे ‘कळवू नये’,” आई म्हणाल्या. “ज्यांच्या घरी कळायला नको, त्या. अण्णांनी मला एकेकीचं विचारून खूण केली होती.”

त्याच संध्याकाळी आई आणि मी उरलेल्या चौघींच्या घरी गेलो. मसाल्याची पाकिटं घेऊन, सहज आल्यासारखं दाखवून. दोन ठिकाणी पाकीट अजून फोडलेलं नव्हतं. तिसरीनं चिठ्ठी आधीच चुलीत टाकली होती. चौथीच्या सासूनं ती मुलाच्या वहीत घडी घालून ठेवली होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून निभावलं. पाचवीचं निभावलं नाही.

रात्री मी फाइल पुन्हा उघडली. चिठ्ठ्यांच्या बटणामागे अण्णांनी थोडा कोड लिहिला होता. त्याचा अर्थ असा: एकेक बाई घे. तिच्या ‘के एन’मध्ये खूण नसेल, तर चिठ्ठी छाप. नेम ऑटोकरेक्ट कोडमध्ये शिरत नाही. तिथलं ‘के एन’ तसंच राहिलं होतं आणि टेबलात त्या नावाचा रकानाच उरला नव्हता. खरं तर इथे प्रोग्रामनं ओरडायला हवं होतं, की असा रकाना सापडत नाही. पण कोडच्या सुरुवातीला एक ओळ होती, ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. म्हणजे चूक आली तर थांबू नको, पुढच्या ओळीवर जा. आणि पुढची ओळ होती ‘चिठ्ठी छाप’. म्हणून प्रत्येक बाईपाशी चूक होत गेली, ती गुपचूप ओलांडली गेली आणि चिठ्ठी छापली गेली.

त्या ओळीशेजारी अण्णांनी हिरव्या अक्षरांत टीप लिहिली होती. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत: ‘कागद संपला तर अडू नये’. प्रिंटर सारखा अडायचा, त्याला कंटाळून त्यांनी ती ओळ घातली असणार. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या हयातीत त्या ओळीनं कुणाचं नुकसान केलं नव्हतं.

नाव बदलणं म्हणजे काय, ते मला खरं तर ठाऊक असायला हवं होतं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण माझी दहावीची मार्कशीट, माहेरच्या बँकेतलं पासबुक आणि एक विम्याचा कागद मला आजही जुन्या नावानंच हाक मारतात. माणूस तेच असतं. पण जो जुन्या नावानं शोधतो, त्याला ते सापडत नाही. डेटाबेसमध्ये अगदी हेच होतं. माहिती जागच्या जागी असते, एक आकडाही हललेला नसतो. हरवते ती हाक.

तुमच्यावर कधी अशी जुनी फाइल सांभाळायची वेळ आली, तर मी नंतर जे शिकले ते सांगते. कुठलाही क्लास न लावता जमण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी फाइल बंद करून तिची प्रत काढा आणि प्रतीच्या नावात तारीख घाला. नावं बदलायची ती प्रतीत. जमलं, तपासलं, की मगच ती प्रत वापरात आणा.

मग एका कागदावर चार रकाने आखा: जुनं नाव, नवं नाव, अर्थ, आणि हा अर्थ कुणी सांगितला. चौथा रकाना रिकामा असेल तर ते नाव बदलू नका. ‘मला वाटलं’ हे उत्तर त्या रकान्यात चालत नाही. माझं सगळं चुकलं ते तिथे.

त्यानंतर हे नाव कोण कोण वापरतं ते शोधा. ॲक्सेसच्या ‘डेटाबेस टूल्स’मध्ये ‘ऑब्जेक्ट डिपेन्डन्सीज’ असतं. ते टेबलावर कुठली क्वेरी, कुठला फॉर्म, कुठला रिपोर्ट अवलंबून आहे, ते दाखवतं. पण मॅक्रो आणि कोड त्यात येत नाहीत. ते स्वतः शोधावे लागतात. कोडच्या खिडकीत कंट्रोल आणि एफ दाबा, शोध सगळ्या प्रोजेक्टमध्ये लावा आणि जुनं नाव टाका. सापडेल तिथे थांबून वाचा. कोड ‘कम्पाइल’ झाला म्हणून निश्चिंत होऊ नका. अवतरणचिन्हांच्या आत लिहिलेली नावं त्या तपासणीत सापडत नाहीत.

एका वेळी एकच नाव बदला. बदललं की सगळे फॉर्म आणि रिपोर्ट एकदा उघडून बघा. मध्येच ‘एन्टर पॅरामीटर व्हॅल्यू’ अशी चौकट येऊन जुनं नाव विचारू लागली, तर समजा की कुणीतरी अजून जुनीच हाक मारतंय. त्या चौकटीत काहीतरी भरून पुढे जाऊ नका. फॉर्मवर आकड्याच्या जागी ‘#नेम?’ असं दिसलं तरी अर्थ तोच. या सूचना त्रासदायक वाटतात, पण मला त्या दिवशी एखादी जरी दिसली असती तर बरं झालं असतं. म्हणूनच ‘चूक आली तरी पुढे जा’ सांगणारी ओळ कोडमध्ये आहे का, ते आधी बघा. तपासणी चालू असेपर्यंत ती ओळ बंद ठेवा.

काही घरांत डेटाबेस दोन भागांत असतो. माहिती एका फाइलीत, फॉर्म दुसरीत, मध्ये जोडणी. तिथे माहितीच्या फाइलीत टेबलाचं नाव बदललं तर जोडणी तुटते आणि नेम ऑटोकरेक्टही दोन फाइलींमधलं अंतर ओलांडत नाही. जोडणी पुन्हा करावी लागते.

टेबलाच्या बाबतीत एक युक्ती आहे. नाव बदलल्यावर जुन्याच नावाची एक साधी क्वेरी करून ठेवा, नव्या टेबलातली सगळी माहिती दाखवणारी. म्हणजे चुकून राहिलेल्या जुन्या हाकेलाही ओ मिळते. सावकाश एकेक जागा दुरुस्त करा आणि शेवटी ती क्वेरी काढून टाका.

आणि खरंच नाव बदलायची गरज आहे का, हेही विचारा. प्रत्येक रकान्याला ‘कॅप्शन’ देता येतं. आतलं नाव ‘एच डी’च राहतं, पण तक्ता उघडल्यावर वर ‘हळद डबे’ दिसतं. तिथे देवनागरी खुशाल लिहा. नाव चौसष्ट अक्षरांपर्यंत चालतं आणि तेही देवनागरीत देता येतं. पण कोडच्या खिडकीत देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात, म्हणून आतलं नाव मी इंग्रजी अक्षरांतच ठेवते. शिवाय ‘डिस्क्रिप्शन’ नावाची एक जागा असते. तिथे रकान्याचा अर्थ वाक्यात लिहिता येतो. अण्णांनी ती जागा वापरली असती तर, असं मनात येतं. पण मग हेही येतं, की मी तरी ती वाचली असती का?

शेवटची गोष्ट सगळ्यात सोपी. बदल करण्याआधी मोजा, बदल केल्यावर मोजा. आधी नऊ चिठ्ठ्या आणि नंतर चौदा, तर थांबा.

‘के एन’चं नाव मी दुसऱ्यांदा बदललं. या वेळी आईंना शेजारी बसवून. आई म्हणाल्या, “उलटं कर. कळवू नये असं कशाला लिहायचं? जी स्वतः म्हणेल, तिच्याच घरी पाठवायची.” म्हणून आता रकान्याचं नाव आहे ‘घरी पाठवायची’ आणि नव्या बाईचं नाव घातलं की तिथे आपोआप ‘नाही’ येतं. डिस्क्रिप्शनमध्ये मी लिहिलंय, ‘बाईला विचारल्याशिवाय खूण करू नये’. अण्णांची ती ओळ मी काढली. आता प्रिंटरमधला कागद संपला की काम अडतं. मी उठून कागद घालते.

ती बाई? तिच्या मुलीच्या फॉर्मचे पैसे आईंनी त्या जूनमध्ये स्वतः भरले. पण प्रवेश काही त्या वर्षी झाला नाही, पुढच्या फीची सोय नव्हती. नंतरचे दोन उन्हाळे करोनात गेले. २०२२ साली ती पुन्हा लाटायला आली. पहिल्या आठवड्यात ठेव ठेवली नाही, दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या शनिवारी मजुरी घेतली आणि त्यातले दोनशे रुपये आईंपुढे ठेवले. मी कॉम्प्युटरकडे वळले तशी म्हणाली, “त्यात नको, वहिनी.”

आईंनी कपाटातून जुनी वही काढली, कोरं पान शोधलं आणि वर तिचं नाव लिहिलं. ती वही अजून चालू आहे. डेटाबेसमध्ये त्या ठेवीचा हिशेब नाही. तेवढा एक आकडा माझ्या बेरजेत कधी जुळत नाही आणि मी तो जुळवायला जात नाही.

तुमच्याकडेही अशी काही नावं असतील. दुकानाच्या वहीत, एक्सेलच्या रकान्यात, नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये, ‘पी काका नवा’ असं काहीतरी. नीट करायला हरकत नाही. पण त्याआधी उठा, पलीकडच्या खोलीत जा आणि ज्यांना माहीत आहे त्यांना विचारा. त्या झोपल्या असतील तर उठेपर्यंत थांबा.